शेपटी धरणारी अँटीबॉडी: ई-कॅडहेरिनसाठी २४ई१०

एपिथेलियल (त्वचा, आतडं अशा आवरणांच्या) पेशींवर काम करणाऱ्या बहुतेक लॅबच्या फ्रीजरात ही बाटली सापडते. सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजीची, क्लोन २४ई१०, कॅटलॉग नंबर ३१९५, सशाची मोनोक्लोनल (एकाच जागेला चिकटणारी अँटीबॉडी). ई-कॅडहेरिन म्हणजे शेजारच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन. त्याची पहिली अँटीबॉडी म्हणून हिलाच निवडावं, असं आमचंही मत आहे. पण ती नेमकं काय ओळखते हे न बघता वापरली, तर तिच्याकडून भलतंच वदवून घेतलं जातं. आणि ब्लॉट (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने दाखवणारी चाचणी) बिघडला की दोष बाटलीला दिला जातो, तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा चूक पेशी खरवडायच्या आधीच झालेली असते.

माणसाचं ई-कॅडहेरिन म्हणजे सीडीएच१ या जनुकाचं, ८८२ अमिनो आम्लांचं प्रथिन. सुरुवातीचा १५४ अमिनो आम्लांचा तुकडा पेशीतच कापला जातो आणि उरलेलं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जातं. त्याचे बाहेरचे पाच भाग कॅल्शियमच्या जोरावर ताठ उभे राहतात आणि शेजारच्या पेशीवरच्या जोडीदाराला धरतात. पटल ओलांडून आत आलेल्या सुमारे १५० अमिनो आम्लांच्या शेपटीला पी१२०-कॅटेनिन आणि बीटा-कॅटेनिन चिकटतात. २४ई१० तयार करताना वापरलेलं पेप्टाइड ७८० क्रमांकाच्या प्रोलिनच्या आजूबाजूचं आहे, म्हणजे थेट या शेपटीतलं.

इथूनच बाकीचं सगळं ठरतं. जिवंत, न भोकसलेल्या पेशीवर ही अँटीबॉडी टाकली तर काहीच दिसणार नाही. बाहेरचा भाग कापून माध्यमात सुटला, तर सुमारे ८० किलोडाल्टनचा तो तुकडा ती ओळखणार नाही. उलट आत उरलेली शेपूट ती बरोबर पकडेल. दोन पेशींमधली पकड शाबूत आहे की सुटली, हे मात्र ती स्वतःहून सांगत नाही. शेपूट आहे एवढंच सांगते.

वेस्टर्न ब्लॉट

या कामात ती सर्वांत भरवशाची. डेटाशीटवर १:१००० लिहिलंय आणि तेच योग्य आहे. ५ टक्के बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घातलेल्या टीबीएसटी बफरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर, हलक्या हलवणीवर. दुधाच्या पावडरमध्ये ब्लॉकिंग (पडद्याच्या मोकळ्या जागा भरणं) केलं तरी चालतं, पण प्राथमिक अँटीबॉडी बीएसएमध्येच पातळ करावी. दुधात सिग्नल थोडा पडतो आणि मग लोक १:५०० वर जाऊन बाटली लवकर संपवतात.

जेल ८ टक्क्यांचं घ्या. १० टक्क्यांवरही बँड दिसतो, पण वरच्या बाजूला सगळं दाटीवाटीने बसतं. डेटाशीटवर वजन १३५ किलोडाल्टन दिलंय. प्रत्यक्षात बहुतेक मार्करांवर मुख्य बँड १२० ते १३५ च्या दरम्यान कुठेतरी येतो. पूर्ण तयार प्रथिन सुमारे १२० चं आणि सुरुवातीचा तुकडा अजून न कापलेलं सुमारे १३५ चं. दोन्ही लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) असतात. जेल पुरेसं लांब चालवलं तर ठळक बँडच्या डोक्यावर एक फिकी रेघ वेगळी दिसते. ती घाण नाही. बाहेरून जनुक घालून भरमसाट ई-कॅडहेरिन बनवायला लावलेल्या पेशींत ती रेघ जाड होते, कारण कापणारं यंत्र मागे पडतं.

ट्रान्सफर (प्रथिनं जेलमधून पडद्यावर उतरवणं) ओला करावा: १०० व्होल्टवर ९० मिनिटं बर्फात, किंवा ३० व्होल्टवर रात्रभर थंड खोलीत. मेथेनॉल १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, कारण २० टक्क्यांना मोठी प्रथिनं जेलमध्येच अडकून बसतात. सात मिनिटांत होणाऱ्या अर्ध-कोरड्या ट्रान्सफरवर हा बँड अर्धवट उतरतो आणि ५० च्या खालचा लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन आहे का ते दाखवणारा बँड) मात्र झकास दिसतो. मग निष्कर्ष निघतो की प्रथिन कमी झालं. जेल कूमासी रंगात बुडवून बघा, वरचा भाग अजून निळा असेल तर उत्तर मिळालं.

आता सर्वाधिक होणारी चूक. एमसीएफ-७ सारख्या (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशींत ई-कॅडहेरिन इतकं असतं की २० मायक्रोग्रॅम प्रथिन लोड केलं आणि चांगलं ईसीएल (बँड उजळवणारं रसायन) वापरलं तर बँड पहिल्या काही सेकंदांतच संपृक्त होतो. कधी तर मधोमध पांढरा होऊन नुसती काळी चौकट उरते, कारण तिथलं सबस्ट्रेट एचआरपी या उजेड पाडणाऱ्या एन्झाइमने खाऊन टाकलेलं असतं. अशा ब्लॉटवर औषधाने झालेली ३०-४० टक्क्यांची घट दिसणं अशक्य. या पेशींसाठी ५ ते १० मायक्रोग्रॅम पुरे. पहिल्या ब्लॉटवर त्याच लायसेटची २.५, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅमची उतरंड लावून बघा, बँडची घनता कुठपर्यंत सरळ रेषेत वाढते ते एकदा कळलं की पुढचे सगळे ब्लॉट तिथे बसवता येतात. सेकंडरी (प्राथमिक अँटीबॉडीला चिकटणारी, एचआरपी जोडलेली अँटीबॉडी) १:२००० ऐवजी १:५००० किंवा त्याहून पातळ केली तरी एमसीएफ-७ मध्ये काही अडत नाही.

निगेटिव्ह कंट्रोल फुकट मिळण्यासारखे आहेत. एमडीए-एमबी-२३१ मध्ये सीडीएच१ चा प्रमोटर मिथाइल होऊन बंद पडलेला असतो. एसकेबीआर-३ मध्ये जनुकच गळालेलं. हेला पेशींत ई-कॅडहेरिन नाही, पण एन-कॅडहेरिन भरपूर आहे. म्हणून हेलाची लेन कोरी राहिली तर एका दगडात दोन पक्षी: बाकी गोष्टींना अँटीबॉडी चिकटत नाही हेही कळतं आणि जवळच्या भावंडाला चिकटत नाही हेही. यातल्या बऱ्याच पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीभांडारातून मागवता येतात. तरीही ब्लॉटवर फक्त एमसीएफ-७ आणि ॲक्टिन असे नमुने छापलेले दिसतात, हे खटकतं.

एक कुंपण मात्र लक्षात ठेवा. क्लासिकल कॅडहेरिनांच्या शेपट्या एकमेकींसारख्या असतात. पी-कॅडहेरिन भरपूर असलेल्या पेशींवर, म्हणजे ए४३१ किंवा स्तनाच्या नळीभोवतीच्या मायोएपिथेलियल पेशींवर काम असेल, तर सीडीएच१ चं एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा आरएनए) घालून बँड पडतो का ते स्वतः तपासा. ई-कॅडहेरिनचं अर्धायुष्य ५ ते १० तासांचं, तेव्हा ७२ तासांत जुना साठा नक्की उतरलेला असतो. तेवढ्या वेळानंतरही बँड जागचा हलला नाही तर आधी एसआयआरएनए पेशीत शिरलं का ते बघा, अँटीबॉडीवर संशय नंतर.

ट्रिप्सिनची गोष्ट

मासातोशी ताकेइची यांनी १९७७ साली दाखवलं की कॅल्शियम असताना ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) लावलं तर पेशींची चिकटण्याची एक यंत्रणा शाबूत राहते आणि कॅल्शियम काढून ट्रिप्सिन लावलं तर ती नष्ट होते. त्याच यंत्रणेचं नाव पुढे कॅडहेरिन पडलं. लॅबमधल्या रोजच्या बाटलीत मात्र ट्रिप्सिनसोबत ईडीटीए असतं. म्हणजे ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, बाहेरचे पाच भाग ढिले पडतात आणि ट्रिप्सिन ते साफ कापून टाकतं.

अशा पेशी धुऊन लायसेट केल्या की १२० चा बँड फिका पडतो आणि ४० च्या खाली नवीनच बँड उगवतो. २४ई१० शेपटी ओळखते म्हणून तो दिसतो. बाहेरचा भाग ओळखणारी अँटीबॉडी असती तर काहीच दिसलं नसतं. लोक याला ‘डिग्रेडेशन’ म्हणतात, ‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणतात, किंवा ब्लॉटचा पडदा ७० किलोडाल्टनच्या खुणेवर कापून खालचा भाग ॲक्टिनसाठी वापरतात आणि प्रश्नच मिटवतात.

उपाय साधा आहे. ब्लॉटसाठी पेशी ट्रिप्सिनने उचलूच नका. डिश बर्फावर ठेवा, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या थंड पीबीएसने दोनदा धुवा, सगळा पीबीएस काढून घ्या आणि लायसिस बफर थेट डिशमध्ये टाकून रबरी खरवडणीने खरवडा. १० सेंटिमीटरच्या डिशला ३०० ते ५०० मायक्रोलिटर पुरतं.

बफर कोणता, हाही प्रश्न आहेच. फक्त १ टक्का ट्रायटन एक्स-१०० चा बफर घेतला तर सायटोस्केलेटनला घट्ट बांधलेलं ई-कॅडहेरिन गोळ्यात बसतं आणि सेंट्रिफ्यूजनंतर टाकून दिलं जातं. दाट वाढलेल्या पेशींत हा वाटा जास्त, विरळ पेशींत कमी. त्यामुळे ‘दाट वाढल्यावर ई-कॅडहेरिन घटलं’ असा उलटाच निकाल हाती येऊ शकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ०.१ टक्का एसडीएस असलेला रिपा बफर घ्या. त्याहून सोपं म्हणजे गरम लेमली बफर थेट डिशवर ओता, खरवडा आणि डीएनएचा चिकटपणा जाईपर्यंत थोडं सोनिकेशन द्या. लेमलीतल्या नमुन्याचं प्रथिन साध्या ब्रॅडफर्डने मोजता येत नाही, तेवढी एक अडचण. प्रोटिएज इनहिबिटर ताजे घाला. त्यातलं पीएमएसएफ पाण्यात फार काळ टिकत नाही, सकाळी बनवलेला बफर संध्याकाळी वापरायचा तर तो पुन्हा घालावा लागतो.

खालचे सगळेच बँड ट्रिप्सिनचे नसतात, हेही खरं. पेशी स्वतःही ई-कॅडहेरिन कापते. एडीएएम-१० सारखी मेटॅलोप्रोटिएज पटलाच्या बाहेरच्या बाजूला कापते, तेव्हा आत ३८ किलोडाल्टनचा तुकडा उरतो. गॅमा-सिक्रिटेज तो पुढे ३३ वर आणते. पेशी मरणाला टेकली असेल तर कॅस्पेज-३ मुळे २९ चा तुकडा मिळतो. तिन्हीत ७८० क्रमांकाचा प्रोलिन आहे, म्हणून २४ई१० तिन्ही दाखवते. हा या अँटीबॉडीचा गुण आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. तुकडे पाहायचे असतील तर पडदा कापू नका, ४ ते १५ टक्क्यांचं ग्रेडियंट जेल घ्या आणि एका लेनमध्ये मुद्दाम ट्रिप्सिन-ईडीटीएने उचललेल्या पेशी लावा. तो बँड कुठे बसतो ते शेजारीच दिसलं की बाकीचे ओळखणं सोपं जातं.

इम्युनोफ्लोरेसन्स

पेशींत प्रथिन चमकत्या रंगाने दाखवण्याच्या या पद्धतीसाठी डेटाशीट १:२०० सांगते. कव्हरस्लिपवर दाट वाढलेल्या एमसीएफ-७ मध्ये १:४०० नेही छान चित्र मिळतं.

कॅल्शियमचा मुद्दा इथेही आहे आणि तो जास्त महागात पडतो. डीएमईएम या पेशी वाढवण्याच्या माध्यमात १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. फिक्स करण्याआधी पेशी साध्या पीबीएसने तीनदा, प्रत्येकी पाच मिनिटं धुतल्या, तर कॅल्शियम निघून गेलेलं असतं आणि कड्या सुटायला सुरुवात झालेली असते. चित्रात सरळ रेघेच्या जागी तुटक, दातेरी कड दिसते आणि वाटतं औषधाने परिणाम केला. कंट्रोलही तसाच दातेरी आहे याकडे लक्ष जात नाही. सुमारे ०.९ मिलिमोलर कॅल्शियम आणि ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने एकदा झटपट धुवा, किंवा धुऊच नका. माध्यम काढून लगेच ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड ओता, खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं. फिक्स झाल्यावर कोणताही पीबीएस चालतो.

पुढचं नेहमीचं. ५ टक्के बोकडाचं सिरम आणि ०.३ टक्के ट्रायटन घातलेल्या पीबीएसमध्ये एक तास ब्लॉकिंग. प्राथमिक अँटीबॉडी १ टक्का बीएसए आणि ०.३ टक्के ट्रायटनमध्ये, ४ अंशांवर रात्रभर. मग सशाविरुद्धची फ्लोरेसंट सेकंडरी एक तास अंधारात. सिरम सेकंडरी ज्या प्राण्याची त्याच प्राण्याचं हवं. सशाचं सिरम चुकून वापरलं तर सगळी कव्हरस्लिप एकसारखी उजळते. ट्रायटन विसरलात तर काहीच उजळत नाही, कारण शेपटी आत आहे. मेथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर १० मिनिटं फिक्स केलं तरी ई-कॅडहेरिनच्या रेघा सुरेख येतात आणि वेगळं ट्रायटन लागत नाही, पण मग फॅलॉयडिनने ॲक्टिन रंगवायचं विसरा.

चित्र कसं दिसायला हवं? दाट वाढलेल्या थरात मधाच्या पोळ्यासारखी जाळी, दोन पेशींच्या मधे एकच बारीक अखंड रेघ, तीन पेशी भेटतात त्या कोपऱ्यात किंचित जास्त उजेड. पेशीच्या पोटात हलके ठिपके असतात, ते पृष्ठभागाकडे जाणारं किंवा आत ओढलेलं प्रथिन. केंद्रकात काही नको. रेघ जाड आणि धूसर दिसली तर रंगाला दोष देण्याआधी फोकस दोन-तीन मायक्रॉन वर न्या. एपिथेलियल पेशीत जोडणीचा पट्टा वरच्या बाजूला असतो आणि डीएपीआयवर (केंद्रकाच्या रंगावर) फोकस करून चॅनल बदलला की तो निसटतो. विरळ वाढलेल्या पेशींत रेघा नसतात, फक्त जिथे दोन पेशी टेकल्यात तिथे एखादा तुकडा. म्हणून दोन अवस्थांची तुलना करताना पेशींची दाटी सारखी नसेल तर ती तुलना बाद समजा.

अँटीबॉडी खरंच जोडणी दाखवते आहे का, याची खात्री करण्याचा एक दीड तासाचा प्रयोग आहे. एका कव्हरस्लिपला ४ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) ३० मिनिटं द्या. दुसरीला तेच देऊन मग नेहमीचं माध्यम तासभर. तिसरी तशीच. पहिलीत जाळी विस्कटते, पेशी गोल होतात आणि रंग आतल्या ठिपक्यांत जातो. दुसरीत रेघा परत जुळायला लागतात. अशाच तीन डिशचे वेस्टर्न लावले तर १२० च्या बँडमध्ये फारसा फरक दिसत नाही. जोडणी पूर्ण सुटली तरी ब्लॉट शांत असतो. नव्या विद्यार्थ्याला ही तीन चित्रं आणि तो एक ब्लॉट शेजारी ठेवून दाखवावेत, दुसरं काही समजावावं लागत नाही.

ईएमटीच्या (एपिथेलियल पेशी पकड सोडून भटक्या होण्याच्या) अभ्यासात नेमकी हीच गफलत होते. एनएमयूएमजी किंवा ए५४९ पेशींना ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर टीजीएफ-बीटा (हा बदल सुरू करणारं प्रथिन) ४८ ते ७२ तास दिल्यावर रेघा आधी विस्कटतात, एकूण प्रथिन नंतर आणि कमी-जास्त प्रमाणात घटतं. एका ब्लॉटवरून सुतावरून स्वर्ग गाठणं बरं नव्हे, दोन्ही बाजूंनी. सोबत कव्हरस्लिप हवीच.

याच कामासाठी कंपनीचा ईएमटी सँपलर किट मिळतो, नंबर ९७८२. त्यात २४ई१० सोबत एन-कॅडहेरिन, व्हिमेंटिन, स्नेल, स्लग वगैरेंच्या छोट्या बाटल्या असतात. चाचपणीसाठी ठीक आहे. पण ई-कॅडहेरिन आणि व्हिमेंटिन दोन्ही सशाच्या, म्हणजे एकाच कव्हरस्लिपवर दोन रंगांत लावता येत नाहीत. ब्लॉटवरही ई-कॅडहेरिन आणि सुमारे १४० चं एन-कॅडहेरिन इतकी जवळ बसतात की एकच पडदा स्ट्रिप करून दुसरी लावली तर उरलेला जुना सिग्नल नव्या बँडच्या वेशात येतो. दोन पडदे करा. दुहेरी रंगासाठी व्हिमेंटिन किंवा बीटा-कॅटेनिन उंदराच्या मोनोक्लोनलने करा, किंवा याच क्लोनची अलेक्सा ४८८ हा चमकणारा रंग जोडलेली बाटली, नंबर ३१९९, घ्या. जोडलेल्या बाटलीत सेकंडरीची वाढ मिळत नाही, त्यामुळे कमी ई-कॅडहेरिन असलेल्या पेशींत ती फिकी वाटते.

ऊतींचे छेद

पॅराफिनमधल्या छेदांवर १:४००. जाडी ४ मायक्रॉन, ६० अंशांवर तासभर शेकून, पॅराफिन काढून, १० मिलिमोलर सायट्रेट पीएच ६.० मध्ये उकळीच्या जरा खाली १० मिनिटं अँटिजेन रिट्रीव्हल (झाकलेलं प्रथिन पुन्हा उघडं करणं) आणि त्याच बफरमध्ये अर्धा तास थंड होऊ द्या. घाईत गरम स्लाइड नळाखाली धरली तर छेद निघून येतो. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, ब्लॉकिंग, रात्रभर अँटीबॉडी, पॉलिमर (एचआरपी जोडलेली सेकंडरी), डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन). डीएबी घड्याळावर सोडू नका, सूक्ष्मदर्शकाखाली बघत थांबवा. ई-कॅडहेरिन भरपूर असलेल्या त्वचेत किंवा आतड्यात एक-दोन मिनिटांतच कड तपकिरी होते आणि पुढे सगळी पेशीच रंगते.

उंदराच्या ऊतींवर सशाची अँटीबॉडी असणं हा मोठा फायदा. उंदराची मोनोक्लोनल वापरली तर सेकंडरी ऊतीतल्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटते आणि तो गोंधळ आवरायला वेगळा किट लागतो. एक सावधगिरी: उंदराच्या यकृतात पोर्टल शिरेभोवती रंग गडद आणि मध्य शिरेकडे जाताना विरळ होत जातो. तो छेद असमान रंगला असं समजून पुन्हा करत बसू नका. यकृतात ई-कॅडहेरिनची मांडणीच तशी आहे.

स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन गळालेलं असतं, म्हणून पॅथॉलॉजीत या प्रथिनाला मान आहे. पण ही बाटली ‘फक्त संशोधनासाठी’ आहे आणि तसं तिच्यावर छापलंय. रुग्णाच्या रिपोर्टसाठी निदानाला मान्यता असलेला क्लोन आणि त्याचं प्रमाणित यंत्रच वापरायला हवं. संशोधनात वापरताना स्लाइडवर कुठेतरी निरोगी नळी असली पाहिजे. ती रंगलेली आणि शेजारची गाठ कोरी, तरच ‘नाही’ म्हणता येतं. प्रथिन अर्धवट कापणारं म्युटेशन असेल तर शेपूटच तयार होत नाही आणि २४ई१० कोरी राहते, बाहेरचा तुकडा असला तरी. याउलट पसरट प्रकारच्या जठरकर्करोगात बाहेरच्या भागातला एखादा एक्सॉन वगळला जातो आणि वाचनचौकट शाबूत राहते. तिथे शेपूट धडधाकट, रंग ठणठणीत आणि पकड मात्र निकामी. शंका असेल तिथे पी१२० चा छेदही रंगवा. ई-कॅडहेरिन गेलं की पी१२० कडेवरून सुटून पेशीच्या पोटात पसरतं.

कधी दुसरी घ्यावी

पृष्ठभागावर किती ई-कॅडहेरिन आहे हे फ्लो सायटोमेट्रीने (एकेका पेशीचा उजेड मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचं असेल तर २४ई१० नको. ती फ्लोवर चालते, पण पेशी फिक्स करून भोकं पाडल्यावर. म्हणजे आतलं-बाहेरचं एकत्र मोजलं जातं. माणसाच्या पेशींना ६७ए४ आणि उंदराच्या पेशींना डेक्मा-१ हे क्लोन बाहेरचा भाग ओळखतात. पेशी उचलताना ट्रिप्सिन टाळून पीबीएसमधलं २ मिलिमोलर ईडीटीए ३७ अंशांवर १०-१५ मिनिटं द्यावं.

जोडणी रोखायची असेल तर तेही बाहेरच्या भागाचंच काम. माणसासाठी एचईसीडी-१ किंवा एसएचई७८-७, उंदरासाठी डेक्मा-१. ती बाटली सोडियम अझाइडविरहित घ्या, नाहीतर पेशी अझाइडने मरतात आणि श्रेय अँटीबॉडीला जातं. माध्यमात सुटलेला ८० चा तुकडा पाहायलाही एचईसीडी-१ सारखीच हवी.

कुत्र्याच्या एमडीसीके पेशी बऱ्याच लॅबमध्ये आहेत. २४ई१० ची डेटाशीट माणूस आणि उंदीर सांगते. एमडीसीकेसाठी आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेतली आरआर१ ही उंदराची मोनोक्लोनल खास कुत्र्याच्या ई-कॅडहेरिनची आहे आणि तुलनेने स्वस्त पडते.

बीडी कंपनीचा क्लोन ३६ ही हिची जुनी प्रतिस्पर्धी, उंदराची आणि शेपटीच ओळखणारी. ब्लॉटवर दोघींत डावं-उजवं करणं कठीण. दुसरी अँटीबॉडी सशाची असेल तर क्लोन ३६ घ्या, दुसरी उंदराची असेल किंवा ऊतच उंदराची असेल तर २४ई१०. निवड इतकी रुक्ष आहे.

बाटली आणि हिशेब

बाटलीत ५० टक्के ग्लिसरॉल असतं, त्यामुळे उणे २० अंशांवर ती गोठत नाही. छोटे भाग करून ठेवायची गरज नाही, उलट ५ मायक्रोलिटरच्या भागातलं बरंचसं नळीच्या भिंतीला चिकटून वाया जातं. उणे ८० मध्ये ठेवू नका, तिथे गोठते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरातही नको, आणि दारातल्या कप्प्यात तर नकोच. पिपेट करताना टोक द्रवात खोल बुडवू नका. ग्लिसरॉल टोकाच्या बाहेरून चिकटून येतं आणि १० मायक्रोलिटरच्या नावाखाली १२ जातात. बाटली आधी दोन सेकंद फिरवून झाकणाला लागलेलं खाली आणा.

गणपती किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मागवू नका. पार्सल शुक्रवारी संध्याकाळी संस्थेच्या गेटवर येतं आणि सोमवारपर्यंत तिथेच राहतं. थंड पिशवी वितळली म्हणून अँटीबॉडी लगेच मरत नाही, पण मग पुढच्या प्रत्येक फिक्या बँडला तीच शंका येते.

कॅटलॉग नंबरापुढचा ‘एस’ म्हणजे १०० मायक्रोलिटरची बाटली, ‘टी’ म्हणजे २० ची. १:१००० ने १०० मायक्रोलिटरचे १०० मिलिलिटर होतात. छोट्या डबीत ५ मिलिलिटरमध्ये पडदा बुडतो, म्हणजे २० ब्लॉट. कंपनी १० धरते. कव्हरस्लिपसाठी पॅराफिल्मवर ५० मायक्रोलिटरचा थेंब ठेवून कव्हरस्लिप उलटी टेकवा, १:२०० ने सुमारे ४०० होतात. एकदाच चाचणी घ्यायची असेल तर ‘टी’ पुरते, वर्षभराचं काम असेल तर ‘एस’च परवडते.

ब्लॉटसाठी पातळ केलेलं द्रावण ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवलं तर तीन-चार वेळा वापरता येतं. अझाइड एचआरपीला मारतं, म्हणून सेकंडरीआधी तीन नीट धुण्या हव्यात. नळीवर तारीख आणि वापराचा आकडा लिहा. आकडेमोड करायच्या ब्लॉटला ताजंच द्रावण घ्या, आणि नळी उजेडात धरल्यावर तळाशी धागे फिरताना दिसले तर ती सरळ टाकून द्या.